राहीबाईच्या घरचा नारळ

करंजदांडची गावकी राहीबाईच्या घरचा नारळ आल्याशिवाय बसत नाही, हे जावळी खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बांधाचं भांडण असो, जत्रेची वर्गणी असो, नाहीतर कुणाची पोरगी कुणाबरोबर पळाली त्याचा निवाडा असो, आधी त्या घरातून नारळ निघायचा. घरच्या मोठ्या माणसानं तो कपाळाला लावायचा, उंबऱ्याला टेकवायचा, भैरोबाच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. ज्योतिबा गुरवानं तो वाढवायचा, आणि मग लोकांनी तोंडं उघडायची. शेंडीकडचं भकल, म्हणजे ती अर्धी वाटी, परत मानाच्या घरी जायचं. हा मान कुणी दिला आणि कधी दिला ते विचारू नका. कुणालाच माहीत नाही.

राहीबाईचा नवरा गेला तेव्हा दोन-चार जणांनी कुजबुज केली, की आता रांडमुंड बाईच्या हातचा नारळ कसा चालायचा. बाईनं भर देवळासमोर पदर खोचून विचारलं, "बोडकं माझं कपाळ झालंय का घर झालंय?" आणि नारळ स्वतःच नेऊन पायरीवर ठेवला. पुढं एकदा पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि भावकीचं वाजलं, तर बाईनं नारळच धाडला नाही. सकाळची गावकी दुपार कलली तरी बसेना. पुरुष माणसं उपाशीपोटी ओट्यावर तंबाखू मळत राहिली. शेवटी चार शहाणी माणसं तिच्या दारात हात जोडून उभी राहिली, तेव्हा कुठं नारळ निघाला. त्या दिवसापासून बाईची खात्रीच पटली, की आपण नाही म्हटलं तर गावाला तोंड उघडता येत नाही. घराची किल्ली ती कमरेला लावून हिंडायची, झोपतानासुद्धा काढायची नाही.

आणि तेवढ्याच भरवशावर ती म्हातारी सत्त्याण्णव सालच्या दिवाळीआधी डोळ्याच्या ऑपरेशनला कोपरखैरण्याला आली. चुकलं ते इथं.

आता करंजदांड म्हणजे तरी काय उरलं होतं? गडीमाणूस म्हणून जो कोणी होता तो मार्केटात पोती वाहायला. आधी मुंबईत होती सगळी, मग मार्केट खाडी ओलांडून तुर्भ्याला आलं, तसं त्याच्यामागं गावही आलं आणि कोपरखैरण्याच्या बैठ्या खोल्यांत शिरलं. तिथं त्यांचं ग्रामस्थ मंडळ, तिथंच भजन, तिथंच भांडणं. गावात राहिल्या त्या म्हाताऱ्या, त्यांच्या म्हशी, ज्योतिबा गुरव आणि माकडं. गणपतीला नि जत्रेला गाव भरायचं आणि पाठोपाठ रिकामं व्हायचं.

अशा गावाच्या वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, पुण्याच्या एका बिल्डरची नजर गेली. सड्यावरून खाली दरी दिसते, धुकं येतं, पावसाळ्यानंतर फुलं येतात, म्हणून तिथं रिसॉर्ट बांधायचं. बंगले, पोहायचा हौद, घोडे, काय नि काय. आता सडा म्हटलं की सड्याच्या पोटातला झरा आला. करंजदांड पितं ते त्या झऱ्याचं. मे महिन्यात आजूबाजूच्या वाड्यांच्या बायका कोसभर हिंडतात, तेव्हा करंजदांडच्या म्हशीसुद्धा तिथं निवांत पितात. बिल्डर म्हणाला, काळजी नको, तुम्हाला घरोघर नळ देतो. राहीबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, आपलंच पाणी आपल्यालाच नळानं देणार, आणि तोटी त्यांच्या हातात. म्हातारी बोलायला लागली की असं चिमट्यात धरून बोलायची.

मंडळाला मात्र रिसॉर्ट हवं होतं, आणि ते काही वेडे नव्हते. राहीबाईचा मुलगा सयाजी याचंच बघा. तीस वर्षं पोती वाहून त्याची मान खांद्यात रुतून बसली होती. मागून कुणी हाक मारली तर त्याला अख्खं अंग वळवावं लागायचं. त्याचा पोरगा शिवा, नाक्यावर सगळे त्याला सनी म्हणायचे, दहावीला दोनदा गचकला आणि आता कॅरम खेळत बसायचा. त्याच्या मानेवर पोतं चढवायचं सयाजीच्या जिवावर यायचं. मग करायचं काय? चैत्रातल्या जत्रेला गेला तेव्हा त्यानं आईला हेच सांगितलं. शिवाला तिथं काम लागेल, पोरांना लागेल, डांबरी होईल, यष्टी येईल. आणि शेवटी म्हणाला, "आये, मंग आमी बी माघारी येऊ."

इथं मात्र म्हातारीच्या काळजाला घरं पडली. पोरगा माघारी यावा म्हणून तीस वर्षं तिनं भैरोबाला काय कमी साकडं घातलं होतं? पण तिचं तोंड तिच्या ताब्यात कधीच नव्हतं. "यायचं तर ये की," ती म्हणाली. "घर हाय, चूल हाय. पानी इकून कशाला येतोस?" सयाजी उठून गेला आणि मायलेकाचं त्या विषयावरचं बोलणं तिथंच संपलं.

कलेक्टर कचेरीतून निरोप आला होता, की साहेब स्वतः गावात येऊन गावकऱ्यांना विचारणार. स्थानिकांचा पाठिंबा असेल तरच पुढं. म्हाताऱ्यांनी देवळामागं बसून ठरवून टाकलं, साहेब आला की बोलायचं राहीबाईनं आणि माना डोलवायच्या बाकीच्यांनी. राजाबाई म्हणून तिची जिवाची मैत्रीण होती, ती म्हणाली, तू एकदा नाही म्हण, मग माझ्या तोंडून हो निघालं तर जीभ झडेल. राहीबाईची तयारी झाली होती. फक्त एक अडचण. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, समोरचं माणूस म्हणजे नुसता पांढरा धूर. तिला साहेबाच्या तोंडाकडं बघून बोलायचं होतं.

तेवढ्यात सयाजीचा निरोप आला, की नेरूळला डोळ्यांचं शिबिर आहे, चांगले डॉक्टर आहेत, ये. सभा तुळशीच्या लग्नानंतर आहे, तोवर तू बरी होऊन परत जाशील. म्हातारीनं म्हैस राजाबाईच्या दावणीला बांधली, घराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला अडकवली आणि निघाली.

ऑपरेशन झालं चांगलं. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी बसली. डॉक्टरनं बजावलं, सव्वा महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही, गाडीत हादरे खायचे नाहीत आणि रडायचं तर अजिबात नाही, टाके उसवतील. राहीबाई म्हणाली, रडायला मला झालंय काय? सून शालन तळहातावरच्या फोडासारखी तिला जपत होती. पोरगी गुणाची होती ती.

चार दिवसांनी धनाजी मुकादम जिलेबीचा पुडा घेऊन भेटायला आला. मंडळाचा अध्यक्ष तो, आणि सयाजीच्या टोळीचा मुकादमही. काकू कशा आहात, डोळा कसा आहे, इकडचं तिकडचं झालं आणि उठता उठता बोलून गेला, "आता परवाची सभा पार पडली की सुटलो बघा, काकू."

राहीबाईच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. परवा? तुळशीचं लग्न कुठं नि परवा कुठं? तिनं सयाजीला विचारलं. तो मान चोळत बसला होता. म्हणाला, तारीख साहेबानं अलीकडं आणली, मंडळाचा त्यात काही हात नाही. असेलही. खरं-खोटं भैरोबाला माहीत. पण त्याला हे कधी कळलं, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दुसरी एखादी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. राहीबाईनं कमरेची किल्ली चाचपली. घर बंद. नारळ निघायचा तो त्या उंबऱ्याच्या आतून, आणि हात लागायचा तो तिचा. नारळ नाही तर गावकी नाही, गावकी नाही तर पाठिंबा कुणाचा? साहेब बसेल ओट्यावर तंबाखू मळत. तिला हसूच आलं. "जावा की," ती म्हणाली, "बसा नारळाची वाट बघत." आणि तिनं दोन जिलेब्या मजेत खाल्ल्या. शालननं नवऱ्याकडं बघितलं आणि चटकन मान खाली घातली. ते म्हातारीला दिसलं नाही. तिला तेव्हा काहीच दिसत नव्हतं.

सभेच्या दिवशी पहाटेपासून खोल्यांच्या रांगेत कालवा उसळला. रस्त्यावर दोन लक्झरी गाड्या येऊन उभ्या होत्या. त्यांचा खर्च कोण करतंय ते कुणी विचारत नव्हतं. वर्षभर पँटीत हिंडणाऱ्या गड्यांनी ट्रंकेतून धोतरं काढली, टोप्या झटकल्या. गावकरी दिसायला नकोत? धनाजीनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, की साहेबानं विचारलं तर इथंच राहतो म्हणायचं, कोपरखैरण्याचं नाव काढायचं नाही. पोरांच्या हातात 'आम्हाला रोजगार हवा' असं लिहिलेले पुठ्ठे होते आणि सनी त्यातला सगळ्यात मोठा पुठ्ठा घेऊन पुढच्या सीटवर बसला होता. पोरगं खुशीत होतं बिचारं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याला काम सांगितलं होतं.

राहीबाई दारात पाट टाकून बसली होती. डाव्या डोळ्यात नुसतं धुकं आणि उजव्यावर पट्टी, त्यामुळे तिला दिसत होते ते पांढरे ठिपके, इकडून तिकडं पळणारे. त्यातला एक ठिपका जवळ आला आणि वाकला. सयाजी. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीचा हात आपोआप उठला आणि त्याच्या डोक्यावर गेला. पायाशी वाकलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात आवरून घ्यायला कुठली आई शिकलेली असते? "औक्षवंत हो, बाबा," तिच्या तोंडून निघालंसुद्धा. उठताना त्याच्या काखेतलं गाठोडं तिच्या गुडघ्याला लागलं. आत काहीतरी गोल होतं आणि टणक.

गाड्या सुरू झाल्या. भैरोबाच्या नावानं चांगभलं झालं. धूर सुटला, रांग एकदम मोकळी झाली आणि मागं राहिल्या बायका नि नळाचा आवाज. राहीबाई गुडघा चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"शालन, सयाच्या काखंत काय हुतं?"

 शालन हळूच म्हणाली, "काल मार्केटातनं आनला त्यांनी. चांगला पानीदार बघून."

"घराला कुलूप हाय. उंबऱ्याच्या आतनं नारळ निघनार कसा?"

"ते म्हनले, मान घराचा असतो. आन् घर म्हंजी मानसं." शालन जवळ येऊन बसली. "आत्याबाई, मी सांगितलं हुतं त्यांना, तुमाला इचारा म्हनून."

बघा, ज्याच्या हाती ससा तो पारधी. म्हातारीला वाटत होतं मान तिचा आहे. तो होता घराचा, आणि नवऱ्यामागं घर झालं होतं पोराचं. नवरा गेल्यापासूनची पंधरा वर्षं तो पोरगा गावात नव्हता म्हणून नारळ तिच्या हातातून जात होता, एवढंच. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं, आणि गाड्या तुर्भ्याच्या पुढं गेल्या होत्या.

शालन पाणी भरायला गेली तशी म्हातारी उठली. काठी घेतली, पदर घेतला आणि चालू लागली. साताऱ्याची गाडी पकडायची, कशीही पकडायची. पण कोपरखैरण्याच्या त्या खोल्या! एक रांग दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी, धड डोळ्याचा माणूस चुकतो तिथं. एका रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आजी, साताऱ्याची गाडी कळंबोलीला भेटेल, पण तुम्ही अशा कशा जाणार, घरी कोण नाही का? कळंबोली कुठंशी, विचारलं. त्यानं हात केला तो तिला दिसला नाही. आवाजाच्या रोखानं ती निघाली. पायाखाली डांबर होतं, मग खडी आली, मग माती आली. पट्टीखाली डोळा ठणकत होता.

मातीचा रस्ता लागला आणि शेणाचा नि सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. अंगणं दिसली, कौलं दिसली धुरकट. गाव होतं ते. बोनकोडे. चहूबाजूंनी इमारती आणि मध्ये हे जुनं गाव. एका घराच्या ओट्यावर राहीबाई मटकन बसली. अंगणात एक म्हातारी जवळा वाळत घालत होती, काष्टा मारलेली, राहीबाईच्याच वयाची.

"कोनाची गो तू? डोल्याला काय झाला?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाण्याचा तांब्या आणून दिला. राहीबाई घटाघटा प्यायली. कुठं राहतेस विचारल्यावर तिनं आलेल्या वाटेकडं काठी दाखवली, त्या बैठ्या खोल्यांत, पोराकडं.

"त्या खोल्या व्हय? त्या आमच्या खाचरांवर हायत," ती म्हातारी म्हणाली. रागानं नाही, आज आमटी केलीय असं सांगावं तसं. तिथं भात पिकायचा, म्हणाली, आणि घर भरून उरायचा. राहीबाईला ओशाळल्यासारखं झालं. पोराची खोली कुणाच्या शेतावर उभी आहे हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं, शेतं घेताना तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं का?

"इचारला असंल कोनाला तरी. आमच्या दारान तं कोन नाय आला."

राहीबाईनं तांब्या खाली ठेवला. "आमच्यात आलेत गं इचारायला," ती म्हणाली. "आज आलेत. आत्ता. आन् मी हितं हाय."

 त्या म्हातारीनं पुन्हा तांब्या भरून दिला. पाणी तुमच्या विहिरीचं का, राहीबाईनं विचारलं. ती म्हणाली, नळाचं. विहीर कधीच बुजवली.

दुपारी शालन धावत, रडत, घराघरांत विचारत तिथं पोचली. सासूला बघितल्यावर आधी रागावून बोलली, मग गळ्यात पडली, मग पुन्हा बोलली. काही झालं असतं तर मी ह्यांना काय तोंड दाखवलं असतं? राहीबाई उठली. सुनेच्या खांद्याला धरून परत त्या रांगेत, त्या पाटावर येऊन बसली. ऊन भिंतीवरून सरकत होतं. आता गाड्या पोचल्या असतील. आता देवळासमोर टेबल मांडलं असेल. राजाबाई वाटेकडं बघत असेल. तिच्या घशात हुंदका आला आणि तिनं तो गिळला, कारण टाके होते. परमेश्वरा, माणसाला निदान रडायची तरी मुभा असावी की नाही? म्हातारीनं संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांनी पाट घट्ट धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गाड्या परत आल्या. गुलालानं माखलेली माणसं उतरली. धनाजीचा आवाज बसला होता. सयाजी घरात आला तो थेट आईपुढं खाली बसला. मान वाकत नव्हती म्हणून अख्खा पुढं झुकला आणि लाल फडक्यात गुंडाळलेलं भकल त्यानं तिच्या ओच्यात ठेवलं.

"आये, समदं रीतीनं केलं," तो म्हणाला.

म्हातारीनं फडकं सोडलं नाही. वरूनच हात फिरवला. शेंडी होती. शेंडीकडचंच भकल होतं.

"घराला कुलूप हुतं."

"हुतं. मी तोडलं न्हाय. कपाळाला लावला, भायेरनं उंबऱ्याला टेकवला, पायरीवर ठिवला. मंग ज्योतिबातात्यानं वाढवला."

राहीबाई त्यात खडा शोधत होती. एक जरी सापडला असता, उंबऱ्याला टेकवायचा राहिला असता, धनाजीनंच परस्पर वाढवला असता, तर तिनं अख्खं कोपरखैरणे गोळा केलं असतं. तसला नारळ मी मानत नाही म्हणाली असती. पण पोरगं तिचंच. लहानपणी तिनंच त्याला कडेवर घेऊन शिकवलं होतं, आधी कपाळ, मग उंबरा, मग पायरी. तो काही म्हणजे काही विसरला नव्हता.

"राजाबाई काय म्हनली?" तिनं विचारलं.

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी सयाजीची गत झाली होती. बोलला तो सनी, दारात उभा राहून, प्रवासाच्या थकव्यातही आनंदात. त्याला बिचाऱ्याला काय कळत होतं?

"राजाआजीनं विचारलं ना, राहीनं धाडलाय का नारळ? पप्पा म्हणले, निघताना आईनं डोक्यावर हात ठेवलाय. मग ती म्हणली, राहीनं विचार करूनच धाडला असंल, आता मी कशाला आडवी पडू. सगळ्या आज्या गप बसल्या. साहेब किती वेळा विचारत होते, कुणाची हरकत आहे का. कोणपण बोललं नाय. टेन्शनच नाय आलं, आज्जी."

 शालननं तोंडाला पदर लावला. सयाजी जमिनीकडं बघत होता. आणि राहीबाईच्या डोळ्यांपुढं, म्हणजे त्या धुक्यात, देवळामागं बसलेली राजाबाई आली. तिला नारळ दिसला आणि तिला वाटलं मैत्रिणीचा होकार आला. जीभ झडेल म्हणणारी राजाबाई राहीबाईच्या शब्दासाठी गप्प राहिली होती. आणि पोरगा खोटं बोलला म्हणावं तर तेही नाही. हात ठेवलाच होता की तिनं. अजून तळव्याला त्याच्या केसांचा स्पर्श होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

दाराबाहेर पावलं वाजायला लागली. मानाच्या भकलाचा प्रसाद घरच्या मोठ्या माणसाच्या हातून घ्यायचा असतो, तीही रीतच. सगळी रांग दारात येऊन उभी होती. धोतरं सोडून परत पँटी चढवलेले गडी, त्यांच्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढं धनाजी. कुणी घाई करत नव्हतं. म्हातारीनं ते भकल बाहेर भिरकावलं असतं तरी कुणी तोंडातून शब्द काढला नसता. पण भैरोबाचा प्रसाद भिरकावून द्यायचा म्हणजे? तिच्या हातून ते होणं नव्हतं.

"इळी आन," ती शालनला म्हणाली.

वाकायचं नव्हतं, म्हणून विळी पाटासमोर उंचावर ठेवली. म्हातारीनं ताठ बसून, चाचपत, खोबऱ्याचे तुकडे केले. एकेक हात पुढं येत गेला आणि ती त्यावर तुकडा ठेवत गेली. पोती ओढायच्या हुकानं घट्टे पडलेले हात, गावचे हात, तिनं बारशाला बघितलेल्या पोरांचे हात. धनाजीनं तुकडा कपाळाला लावला. सनीनं दोन मागून घेतले. शेवटी सयाजीचा हात आला.  तिनं त्यावरही ठेवला.

उरलेला तुकडा तिनं स्वतःच्या तोंडात घातला आणि चावला. प्रसादाला नावं ठेवत नाहीत. सयाजीनं विचारलं, नारळ चांगला निघाला का, आणि ती म्हणाली, "गोड हाय."

मग तिनं कमरेला हात घातला. गाठ सुटायला वेळ लागला, गावातून निघताना तिनंच ती घट्ट मारली होती. किल्ली काढून तिनं पोराच्या हातात दिली.

"आता फुडच्या टायमाला कुलूप काढून आत जा," ती म्हणाली. "भायेरनं टेकवू नको."

सयाजीनं किल्ली घेतली.